एकच कॅल्शियमची बाटली म्हशीला, कुत्र्याच्या पिल्लाला आणि कोंबड्यांना चालेल का?

जत_पूर्वची:
नमस्कार मंडळी. आमचं गाव जत तालुक्यात, पूर्वेकडे. घरी पंढरपुरी म्हैस आहे. तिसरं वेत, व्यायला दोन महिने झाले. दोन्ही वेळचं मिळून सात-आठ लिटर देत होती, आता पाचावर आली. उकिरड्यावरून हाडं उचलून आणते आणि तासन् तास चघळत बसते. तोंडातून काढायला गेलं की मान फिरवते. हाड नसेल तर दावं, गोणपाट, नाहीतर गोठ्याच्या भिंतीची माती. सकाळी उठताना आढेवेढे घेते, उठली की पाठीला बाक काढून उभी राहते आणि मागचे पाय आखडून आखूड टाकते. चालताना सांधे कटकट वाजतात, चुलतीला ते लांबून ऐकू येतं. माजावरही आलेली नाही.

वैरण म्हणाल तर ज्वारीचा कडबा आणि कारखाने चालू असेपर्यंत उसाचं वाढं. सरकी पेंड दिवाळीपासून बंद केली, परवडेना. आता मक्याचा भरडा देतो. गावात येणाऱ्या डॉक्टरांनी दोनदा कॅल्शियमची सलाईन लावली. दुसऱ्या दिवशी बरी वाटते, नंतर पहिले पाढे पंचावन्न.

त्यात चुलतभावाने पुण्याहून जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलंय, चार महिन्यांचं. त्याचे पुढचे पाय फाकलेत, पंजा पसरतो आणि मनगट जवळजवळ फरशीला टेकतं. त्याला बोनलेस चिकन आणि भात देतात, दुसरं काही नाही. कोंबड्यांच्या अंड्यांची कवचंही पातळ येतायत. शेजारचे अण्णा म्हणतात, "हाडं म्हणजे हाडं, सगळ्यांना कॅल्शियमच लागतं, म्हशीच्या बाटलीतलंच थोडं थोडं सगळ्यांना दे." बाटलीवर गाईचं चित्र आहे. देऊ का?

वैरणवाला:
चुन्याची निवळी द्या रोज. आमचे आजोबा तेच करायचे. बाटलीचे पैसे वाचतील.

श्रेणी-दोनवाले काका:
पोरी, बाटली राहू दे कपाटात. आधी उकिरड्यावरची हाडं गोळा कर आणि खोल खड्ड्यात पूर. आजच. म्हशीला मोकळं सोडत असशील तर चार दिवस दावणीलाच ठेव.

मी जिल्हा परिषदेच्या श्रेणी-दोनच्या जनावरांच्या दवाखान्यात आयुष्य काढलं, त्यातली बरीच वर्षं माण-आटपाडीकडे. हाड चघळणारं जनावर दिसलं की मला त्या जनावराच्या पायाआधी त्या हाडाची भीती वाटते. मेलेल्या जनावराच्या हाडाला सडका अंश चिकटलेला असेल तर त्यात बोटुलिझमचं विष तयार होतं. जनावर आधी मागच्या पायांत लुळं पडतं, मग जीभ बाहेर लोंबते, मग श्वास थांबतो. दक्षिण आफ्रिकेत अशी गुरं शेकड्यांनी मरायची. सर आर्नल्ड थायलर यांनी १९२० च्या आसपास त्याचा उलगडा केला: कुरणातल्या गवतात फॉस्फरस कमी, म्हणून गुरं हाडं खातात आणि हाडातल्या विषाने मरतात. हाडांचं पीठ खायला घातल्यावर गुरांनी माळावरची हाडं खायची सोडली. आपल्याकडे जैसलमेर भागात गाईंना होणारा 'कर्रा' म्हणतात तो हाच प्रकार. (हे वाचून कुणी हाडांचं पीठ शोधायला निघू नका. गुरांचंच हाडमांस दळून गुरांना घातल्यामुळे ब्रिटनमध्ये वेड्या गाईंचा रोग पसरला, तो १९८६ साली ओळखला गेला. त्यानंतर तो रस्ता बंद झाला.)

आता तुझ्या गव्हाणीत बघू. म्हशीच्या लिटरभर दुधात साधारण १.८ ग्रॅम कॅल्शियम आणि ग्रॅमभराहून थोडा जास्त फॉस्फरस जातो. आठ लिटरला धर चौदा ग्रॅम कॅल्शियम, नऊ ग्रॅम फॉस्फरस. हे नुसतं चरवीत गेलेलं, तिच्या अंगाला लागणारं वेगळं. वाळला कडबा किलोला जेमतेम ग्रॅमभर फॉस्फरस देतो आणि तोही सगळा पचत नाही. वाढ्याची तीच गत. फॉस्फरस खरा येत होता तो सरकी पेंडीतून, आणि ती तू दिवाळीला बंद केलीस. मक्यात तो तिच्यापेक्षा बराच कमी असतो. मग म्हैस देणार कुठून? स्वतःच्या हाडांतून. अंगातलं ९९ टक्के कॅल्शियम आणि ८० टक्क्यांच्या वर फॉस्फरस हाडांतच असतो. काही महिने ती काढून काढून देते, नंतर हाड मऊ पडतं, सांधे दुखतात, पाठ बाकते. माजावर न येणं हेही त्यातच बसतं.

मग जो तो कॅल्शियमची सलाईनच का लावतो? व्यायल्यावर गाय-म्हैस आडवी पडते, अंग गार पडतं, मान पोटाकडे वळवून बसते, तो दुग्धज्वर. त्यात रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली आलेलं असतं आणि बाटली निम्मी होईपर्यंत जनावर उठून उभं राहतं. त्या एका करामतीमुळे गावागावांत कॅल्शियमची बाटली म्हणजे रामबाण ठरली. तुझ्या म्हशीचं दुखणं तसलं दिसत नाही. आणि कुणी घाईघाईने भरभर सलाईन सोडत असेल तर त्याचा हात धर. वेगाने गेलेलं कॅल्शियम हृदय बंद पाडतं.

वैरणवाले, तुमच्या आजोबांचं चुकत नव्हतं, पण ते वाढ्यासाठी. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते आतड्यात कॅल्शियमला धरून बसतं आणि शेणावाटे घेऊन जातं. म्हणून छावणीत नुसत्या वाढ्यावर जनावरं होती तेव्हा आम्हीही निवळी शिंपडायला सांगायचो. निवळीत कॅल्शियम आहे, फॉस्फरस नाही. या म्हशीला नुसती निवळी पाजत राहिलात तर तोल आणखी बिघडेल.

आता तीन गोष्टी सांग. लघवीचा रंग कसा आहे? म्हशीत फॉस्फरस फार खाली गेला की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी कॉफीच्या रंगाची येते. तसं दिसलं तर वाट बघू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर. दुसरं, मागचा पाय मध्येच मागे ताणून अडकतो का, की नुसता आखडलेला असतो? तिसरं, खालचे दात बघ. वर पुढचे दात नसतातच, नुसती कठीण हिरडी असते, तेव्हा खालचे आठ. त्यांवर तपकिरी-काळे पट्टे आहेत का, आणि पाणी विहिरीचं की बोअरचं?

पिल्लाचं नंतर सांगतो, जेवायला हाका मारतायत.

शिरवळ_तिसरं_वर्ष:
काका, तुम्ही जेवून या, तोवर मी पिल्लाचं सांगते. मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. शरीररचनाशास्त्राच्या हॉलमध्ये घोडा, गाय, कुत्रा आणि डुक्कर यांचे सांगाडे ओळीने उभे आहेत, त्यामुळे "हाडं म्हणजे हाडं" हे वाक्य आमच्यासमोर कुणी बोलू नये!

ताई, आधी एक. म्हशीच्या पुढच्या पायातला आपण ज्याला गुडघा म्हणतो ते तिचं मनगट आहे. तिचा खरा गुडघा मागच्या पायात, पोटाला लागून, वाटीसकट. मागे टोकदार दिसतो तो टाचेचा सांधा. डॉक्टरांना फोनवर "गुडघा सुजलाय" सांगाल तर ते भलत्याच सांध्याचा विचार करतील. म्हैस तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या टोकांवर उभी असते, मनगटाखालची नळी म्हणजे त्या दोन बोटांची तळहाताची हाडं एकत्र जुळून झालेली. घोडा फक्त मधल्या बोटावर. कुत्रा मात्र चार बोटं टेकवून चालतो, आणि हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत त्याला आपल्यासारखी दोन सुटी हाडं असतात. म्हशीत ती दोन्ही एकमेकांना जुळलेली.

हे सांगायचं कारण पिल्लू. त्याच्या त्या दोन हाडांपैकी बाहेरच्या हाडाची वाढ जवळजवळ सगळी मनगटाकडच्या एकाच वाढपट्टीतून होते. ती पट्टी शंकूच्या आकाराची असते, त्यामुळे उडी मारून पडलं किंवा पाय दाराखाली सापडला की ती चेंगरते आणि वाढ थांबते. शेजारचं हाड वाढत राहतं आणि धनुष्यासारखं वाकतं. पण असं सहसा एकाच पायाला होतं. तुम्ही दोन्ही पाय म्हणताय, म्हणून इथे खाण्याचं कारण आधी बघायला हवं.

नुसत्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो, हाडात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट. पिल्लू बोनलेसवर वाढलं की शरीर रक्तातलं कॅल्शियम सांभाळायला हाडं पोखरतं. एक्स-रेत हाडाची भिंत कागदासारखी दिसते आणि कधी कधी न पडतासुद्धा हाड दुमडून मोडलेलं असतं. म्हणजे बघा, म्हशीला फॉस्फरस कमी पडलाय आणि पिल्लाला तो डोईजड झालाय. एकाच घरात!

आणि "कोवळ्या उन्हात बसवा" असं कुणी सांगेल. वासराला, पारडाला उन्हाचा उपयोग होतो, त्यांच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. कुत्र्या-मांजरांत ते पुरेसं होत नाही, त्यांना ते खाण्यातूनच लागतं. पिल्लाला उन्हात खुशाल खेळवा, पण उपचार म्हणून नाही.

श्रेणी-दोनवाले काका:
मुलीने चांगलं सांगितलं. सांगाडे ओळीने उभे असल्याचा हाच फायदा. आमच्या वेळी पेटीत सुटी हाडं असायची, आणि परीक्षेत पेटीतून जे हातात येईल ते डावं की उजवं इथून सुरुवात.

पिल्लाला म्हशीची बाटली का नको ते ऐक. त्या बाटल्यांत ड जीवनसत्त्व पाचशे किलोच्या जनावराच्या हिशेबाने घातलेलं असतं. एवढ्याशा पिल्लाला ते चमच्या-चमच्याने रोज गेलं तर मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं. दुसरं, मोठ्या जातीचं पिल्लू सहा महिन्यांच्या आत असताना त्याच्या आतड्याला "आता पुरे" म्हणता येत नाही, जेवढं कॅल्शियम घालाल त्यातलं बरंचसं आत घेतं. कमी पडलं तर हाड मऊ, जास्त झालं तर हाडाची वाढ वेडीवाकडी. शहरात मी मोठ्या जातीची पिल्लं बघितली ती बहुतेक दुसऱ्या प्रकारची: वाढीच्या पिल्लांचं तयार खाद्य, वर कॅल्शियमचं सिरप, वर दूध, वर अंड्याच्या कवचाची पूड, आणि मालक विचारतो पाय वाकडे का. तुमच्या चुलतभावाचं पहिल्या प्रकारचं.

त्याने पिल्लू जवळच्या चांगल्या दवाखान्यात न्यावं, एक्स-रे काढावा. हाडं मोडलेली नसतील तर मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं पूर्ण खाद्य एवढं एकच द्यायचं, वरून काहीही नाही. गुळगुळीत फरशीवर ठेवायचं नाही, माती नाहीतर जुनी सतरंजी. नुसतं मनगट ढिलं पडलेलं असेल तर तेवढ्यानेच काही आठवड्यांत पंजा आवळतो. हाडं फारच पातळ निघाली तर मात्र उड्या बंद, जिना बंद, लहान जागेत बांधून ठेवणं, नाहीतर खेळता खेळता हाड दुमडेल.

आता एक मला आवडणारी गोष्ट. तुझ्या म्हशीला गव्हाचा कोंडा दे असं मी सांगणार आहे. किलोभर कोंड्यात साधारण दहा ग्रॅम फॉस्फरस आणि कॅल्शियम जेमतेम ग्रॅमभर. त्यातला बराच फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो, पण म्हशीच्या पोटातले जंतू ते सोडवतात. हाच कोंडा घोड्याला रोज भरपूर घातला तर घोडा मरणाच्या दारात जातो. सारंगखेड्याच्या बाजारात एका घोडीचं तोंड बघितलं होतं. नाकाच्या दोन्ही बाजूंची हाडं फुगून चेहरा डबीसारखा झालेला, खालचा जबडा जाड, दाढा हलत होत्या, आणि मालक अभिमानाने सांगत होता की रोज दोन्ही वेळा कोंडा भिजवून घालतो. फॉस्फरसचा मारा, कॅल्शियम नाही, म्हणून शरीराने जबड्यातून आणि चेहऱ्यातून कॅल्शियम उचललं आणि तिथे नुसता तंतूंचा फुगा भरला. पूर्वी पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हे फार व्हायचं, कोंडा फुकटचा असे म्हणून. घोड्याला फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम कमी कधीच नसावं.

खिल्लारवाला:
काका, मधेच विचारतो, माफी. माझा शर्यतीचा खोंड, सहादाती. सकाळी दावणीवरून काढताना डावा मागचा पाय सरळ मागे ताणलेला राहतो, खुराचं टोक घासत ओढतो. चार-पाच पावलं गेला की झटक्याने पाय वर येतो आणि मग नीट पळतो. पुढे घासून खूर चपटा झालाय. शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून एवढी मेहनत घेतली. हेही हाड मऊ झाल्याचंच का?

श्रेणी-दोनवाले काका:
नाही. तुझं हाड ठणठणीत असेल, वाटी अडकतेय. म्हशीच्या बाबतीत मी विचारलं होतं "ताणून अडकतो की आखडतो", ते याचसाठी.

शिरवळवाली सांगेल नीट, पण थोडक्यात: बैल, म्हैस, घोडा यांच्या वाटीपासून नडगीकडे तीन बंध उतरतात. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आतल्या बाजूला एक उंचवटा असतो. पाय ताणला की वाटी आणि आतला बंध त्या उंचवट्यावर चढून बसतो. घोड्याला ही सोय आहे, उभ्या उभ्या झोपता यावं म्हणून. बैलाला ती कधी कधी नको तेव्हा लागते आणि सुटत नाही. कुत्र्याला बंध एकच असतो, म्हणून पॉमेरेनियनसारख्या लहान कुत्र्यांत वाटी वर न अडकता आतल्या बाजूला घसरते.

पाय अडकलेला असताना बैलाला दोन पावलं मागे रेटून बघ, बऱ्याचदा सुटतो. रोजचंच झालं असेल तर डॉक्टर जागा बधिर करून आतला बंध कापतात. लहानसं छिद्र, काही मिनिटांचं काम, आणि बैल चालत घरी जातो. अट एकच: वाटी अडकते हे डॉक्टरांनी स्वतः बघितलेलं असावं, आणि कापण्याआधी बोटाने नेमका आतलाच बंध हाताला लागला पाहिजे. यात्रेतल्या कुणा भोंदूकडून डागून घेऊ नकोस. डागाने कातडी जळते, बंध आहे तिथेच राहतो. जखम भरेपर्यंत शर्यत विसर.

वणी_यवतमाळ:
दातांच्या पट्ट्यांबद्दल काकांनी विचारलं म्हणून लिहितो. आमच्या भागात, यवतमाळ-चंद्रपूरकडे, काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. आमच्या घरच्या बैलाच्या दातांवर तपकिरी पट्टे होते आणि मागच्या पायाच्या नळीवर हाताला गाठ लागायची. तोही असाच आखडून चालायचा. सगळे म्हणायचे वाताचा त्रास. बोअर बंद करून नदीचं पाणी सुरू केलं, पण चाल पूर्ण सुधारली नाही. त्याच बोअरचं पाणी आम्ही माणसंही प्यायचो, लहान भावाच्या दातांवर डाग आहेत.

शिरवळ_तिसरं_वर्ष:
@वणी_यवतमाळ, बरोबर आहे. १९३७ साली नेल्लोर जिल्ह्यातून माणसांमधला असा हाडांचा आजार नोंदवला गेला, तिथेही भूजलातलं फ्लोराइडच कारण होतं. फ्लोराइडमुळे हाड मऊ होत नाही, उलट नको तिथे जास्तीचं हाड वाढतं: नळीवर, बरगड्यांवर, स्नायूबंध जिथे चिकटतात तिथे. म्हणून पाणी बदललं तरी आधी वाढलेलं हाड काही जात नाही. दातांचे पट्टे मात्र दात हिरडीत तयार होत असतानाच पडतात. म्हणजे जुळलेला, सगळे दात आलेला बैल बाहेरगावाहून विकत आणला आणि मग हे पाणी पाजलं, तर दात स्वच्छ राहतील आणि पाय तरीही आखडतील.

आणखी एक. खनिज मिश्रण घेताना बघून घ्या. स्वस्त मिश्रणात फॉस्फरससाठी कच्चा रॉक फॉस्फेट घातलेला असला तर त्यात फ्लोरीन असतं. म्हणजे फॉस्फरसची कमी भरायला जाऊन फ्लोरोसिस. पिशवीवर आयएसआयची खूण आणि डायकॅल्शियम फॉस्फेट लिहिलेलं असावं.

जत_पूर्वची:
सगळ्यांना उत्तर एकत्र देते. हाडं पुरली, वर चुना टाकला, म्हैस तिसऱ्या दिवशीही उकिरड्याकडेच बघत होती. लघवी पिवळीच आहे. पाय अडकत नाही, नुसता आखडतो. खालचे दात पांढरे, पाणी विहिरीचं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं. फॉस्फरस २.६ आला, कॅल्शियम ९. त्या म्हणाल्या कॅल्शियम ठीक आहे, सलाईन बंद. फॉस्फरसचं औषध शिरेतून दिलं आणि तोंडाने द्यायच्या पुड्या दिल्या.

चुलतभाऊ पिल्लू घेऊन मिरजेला गेला. मोडलेलं काही नाही, हाडं पातळ आहेत म्हणाले, खाद्य बदललंय. त्याने बोनलेसच्या जागी कोंबडीच्या माना शिजवून द्यायचं म्हटलं होतं, तेही डॉक्टरांनी नको सांगितलं.

काका, कोंडा किती देऊ? आणि कोंबड्यांचं राहिलंच की.

श्रेणी-दोनवाले काका:
मोठ्या म्हशीचा फॉस्फरस चार-साडेचारच्या खाली असू नये, तेव्हा २.६ म्हणजे बाईंनी बरोबर पकडलं. कॅल्शियम नऊ बघून तुझ्या अण्णांना दाखव.

कोंडा आधी अर्धा किलो, आठवड्याभरात वाढवत दीड किलोपर्यंत. जमलं तर सरकी पेंडही पुन्हा चालू कर, किलोभर तरी. पेंड बंद करून वाचवलेले पैसे दुधात गेले की नाही ते तूच वहीत बघ. खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम, भरड्यात कालवून, आणि मिठाची चाटण विट गव्हाणीत. उठबस सुधारायला महिना-दीड महिना धर, हाड पुन्हा भरायला त्याहून जास्त. तोवर तिला उतारावर किंवा ओल्या फरशीवर नेऊ नकोस, घसरली तर खुब्याचं हाड जाईल आणि एवढ्या वजनाला प्लास्टरचा उपयोग नाही. पुढच्या वेताला, गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत, रक्त पुन्हा तपासून घे. म्हशीत लाल लघवी तेव्हा आणि व्यायल्यावरच जास्त दिसते.

कोंबडीचं वेगळं. एका कवचात दोन ग्रॅमहून जास्त कॅल्शियम जातं, आणि ती जवळजवळ रोज अंडं घालते. त्यासाठी तिच्या मांडीच्या आणि नडगीच्या पोकळीत एक जास्तीचं हाड तयार होतं, पहिलं अंडं यायच्या दोनेक आठवडे आधीपासून. नराला ते नसतं, म्हशीलाही नसतं. कवच रात्री बनतं, तेव्हा खाण्यातलं कॅल्शियम संपलं की ती त्या हाडातून काढते. पिंजऱ्यातल्या कोंबड्या यातच एक दिवस पाय पसरून पडतात, पिंजऱ्यातून काढताना बरगडी मोडते. तुझ्या मोकळ्या फिरणाऱ्या आहेत, त्यांच्यावर ती वेळ यायची नाही. आत्ताच्या उन्हाने धापा टाकत असतील तर त्यानेही कवच पातळ होतं, दुपारी सावली आणि गार पाणी बघ.

बाटली नकोच. शिंपल्याची जाडी भरड आण, पीठ नको. ती पोटात रात्रभर हळूहळू विरघळते. वेगळ्या भांड्यात संध्याकाळी चारनंतर ठेव, ज्या कोंबडीला हवी ती आपण होऊन खाईल. खुडूक बसलेली आणि कोंबडा तोंडही लावणार नाहीत.

जत_पूर्वची:
शिंपले जतच्या बाजारात मिळतात का कुणाला माहीत आहे?

वैरणवाला:
कोंबडीखाद्याच्या दुकानात मागा, "ग्रिट" म्हणून देतात. किलोवर मिळतं. सोबत दगडी चुरीही विकतात, ती नको, ती नुसती दळणासाठी असते.